न गळणारी होडी

माझ्या थोरल्या भावाला सगळे पाना म्हणतात. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. नीट पाहिलं तर कोटाखाली फुगवटा दिसतो. वहिनी तो फोटो दाखवताना सांगते, "मी यांच्याशी लग्न केलं आणि यांनी त्याच्याशी."

दादा नळकाम करतो. चांगलं करतो, हे मी आत्ता कितीही रागात असले तरी लिहिलंच पाहिजे. कुणाच्या घरी पाइप फुटला तर भरल्या ताटावरून उठून जातो. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्याला देवमाणूस म्हणतात. पण त्याला भोक सहन होत नाही. जिथून पाणी जाऊ शकेल अशी कुठलीही जागा दिसली की त्याचे हात शिवशिवायला लागतात. माझ्याकडे आला की आधी बसत नाही, न्हाणीघरात जातो आणि सगळे नळ आवळून ठेवतो. तो गेल्यावर स्वयंपाकघरातला नळ मला दोन्ही हातांनी उघडावा लागतो. एकदा माझ्या गॅलरीतून झुरळं येतात म्हणून त्याने तिथलं पाणी जायचं भोक सिमेंटने बुजवलं. पुढच्या आडव्या पावसात गॅलरीचं टाकं झालं, माझ्या कुंड्या तरंगायला लागल्या. मी फोनवर ओरडले तर म्हणाला, "पाणी वरून येतंय त्याला मी काय करू? खालून येतंय का? नाही ना? मग माझं काम पक्कं आहे."

असा माणूस. त्यावर आम्ही सगळे हसायचो. त्या हसण्याचाही मला आता राग येतो.

होडी आमच्या बाबांची. छोटी, फायबरची, एका शिडाची. बाबांनी ती जुनी घेतली होती आणि आम्हा दोघांना तलावावर त्याच होडीत शिकवलं होतं. ज्यांनी अशी होडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती म्हणजे फायबरच्या दोन वाट्या, एकात एक बसवून कडेला चिकटवलेल्या. बाहेरची पाण्याला लागते, आतलीत आपण बसतो. दोन्हींच्या मध्ये पोकळी असते आणि तिच्यात फोमचे ठोकळे, म्हणजे होडी उलटली तरी बुडत नाही. आता कितीही काळजी घेतली तरी त्या पोकळीत थोडं पाणी झिरपतंच. म्हणून होडीच्या मागच्या बाजूला, अगदी खालच्या कडेला, एक पितळी बूच असतं. काठावर आलं की बूच काढायचं, होडीचं नाक वर उचलायचं, साचलेलं पाणी निघून जातं. पुन्हा पाण्यात उतरण्याआधी बूच लावायचं. एवढं सोपं आहे. बाबा हे आम्हाला दात घासायला सांगावं तसं सांगायचे.

दादा एकदाच विसरला. पण कधी विसरला, तर लग्न ठरल्यावर वहिनीला आणि तिच्या आईवडिलांना होडीतून फिरवायला नेलं तेव्हा. तलावाच्या मधोमध गेल्यावर होडी जड जड होत गेली. दादा आपला वाऱ्याला दोष देत राहिला. मग कडेवरून पाणी आत आलं. बुडाले कुणीच नाहीत, फोमने होडी धरून ठेवली, पण चौघंही कमरेइतक्या पाण्यात बाकावर बसून राहिले, एखाद्या हौदात बसावं तसे. सासऱ्यांचे बूट तरंगत निघाले. सासूबाई पर्स डोक्यावर धरून म्हणाल्या, "जावई नळकाम करतात म्हणालात ना?"

लग्न झालं. पण ते वाक्य त्याला पुरून उरलं. दादा कुठेही निघाला की कुणीतरी विचारायचंच, "पाना, बूच लावलंस का?" त्याच्या मुलीच्या बारशाला विचारलं, बाबांच्या निवृत्तीच्या समारंभात भर सभेत विचारलं. तो हसायचा. मी त्याची बहीण आहे. ते हसणं ओठांच्या आत जात नव्हतं हे मला दिसायचं.

बाबा गेल्यावर होडी त्याच्या ताब्यात आली आणि त्याने पहिलं काम काय केलं असेल? बूच काढून टाकलं आणि ते भोक फायबर आणि रेझिनने कायमचं बंद केलं. वर घासून, रंग देऊन, असं गुळगुळीत केलं की तिथे कधी काही होतं असं वाटू नये. "आता विसरायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. ऐकणारे हसले. मीही तिथेच होते. पुढे नाकाजवळ, बाकाखाली, करंगळीएवढं आणखी एक भोक होतं, पोकळीत हवा जायला. तेही बुजवलं. भोक ते भोक.

तेव्हापासून ही होडी न गळणारी म्हणून आमच्या घरात प्रसिद्ध. दरवर्षी ती थोडी अधिक खाली बसायची. दादा म्हणायचा, म्हातारी झाली, म्हातारपणी सगळेच जड होतात.

याच होडीत माझी लेक शिकली. ती आता सतरा वर्षांची आहे आणि तिला तलावावरच्या क्लबात लहान मुलांना शिकवायची परवानगी हवी होती. त्यासाठी परीक्षा असते: एकटीने पलीकडच्या काठाला जाऊन यायचं, आणि आधी सगळ्यांसमोर होडी मुद्दाम उलटवून सरळ करून दाखवायची. दोन वर्षं तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मी काळजी करणारी बाई आहे. ती जिना उतरताना दिसली तरी माझा जीव वरखाली होतो. म्हणून मी काही बोलले नाही, माझ्या काळजीचं ओझं तिच्या होडीत नको म्हणून.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सरावाला मी काठावर होते. तिने होडी उलटवली. शीड पाण्यावर आडवं पडलं. मग होडीच्या मधून खाली जाणारी जी फळी असते, तिच्यावर उभं राहून कडेला धरून मागे झुकायचं, होडी उठते. माझी लेक झुकली. होडी अर्धवट उठली, आणि आतून काहीतरी लोळत एका बाजूला गेल्यासारखं झालं, आणि ती पुन्हा धप्पकन आडवी. पुन्हा झुकली. पुन्हा तेच. मग ती फळीवर उड्या मारायला लागली. होडी ढिम्म. तिचे ओठ निळे पडले तेव्हा शिकवणारे सर मोटरबोट घेऊन गेले आणि तिला ओढून आणलं. होडी काठावर घेतल्यावर मी तिची कड धरून हलवली. आत पाणी डुचमळलं. बादलीतलं डुचमळतं तसं नव्हे. टाकीतलं डुचमळतं तसं.

लेकीला घरी सोडून मी तशीच दादाकडे गेले. तो तळमजल्यावरच्या खोलीत पाइपाला आटे पाडत बसला होता. वहिनी दारात चहा घेऊन उभी होती.

"दादा, होडीत पाणी आहे."

"होडी पाण्यात असते. पाणी होडीत नसतं. निदान माझ्या होडीत तरी."

"मधल्या पोकळीत आहे. मी स्वतः ऐकलं."

"तुला काय, फोन वाजला नाही तरी अपघात ऐकू येतो."

वहिनी हसली, आणि माझं तोंड बघून गप्प झाली.

"पोर पाण्यात होती, दादा. होडी उठत नव्हती. उड्या मारत होती बिचारी."

"उड्या मारायच्याच नसतात, झुकायचं असतं. आणि तिचं वजन बघ. हॅंगरला लावलेल्या शर्टाचं वजन जास्त भरेल. पोरीला चार घास जास्त घाल, होडी आपोआप उठेल."

तो हे बोलला. पोर थंडीने कुडकुडत घरी गादीवर पडली होती आणि हा मला तिचं वजन सांगत होता.

"मी मागे भोक पाडणार आहे. रविवारी सकाळी, परीक्षेच्या आधी."

त्याने पाइप खाली ठेवला. "होडीला हात लावायचा नाही. बाबांची आहे ती."

"बाबांची आहे म्हणूनच. बाबांनी बूच ठेवलं होतं. बुजवलंस तू."

"हे बघ, तू कॉलेजात शिकलीस, मी पाइपात. पाण्याचं मला शिकवू नकोस. माझ्या हातून बंद झालेलं आजवर गळलेलं नाही."

"गळत नाही हेच तर रडगाणं आहे!"

वहिनी म्हणाली, "अहो, एकदा बघायला काय हरकत आहे?" तर तिच्यावर खेकसला, "तुझ्या वडिलांचे बूट सापडले ना? मग झालं तर." इतक्या वर्षांनी. त्या खोलीत बुटांचा विषय कुणीही काढला नव्हता.

रविवारी सकाळी मी शेजाऱ्यांचं ड्रिल घेऊन क्लबात गेले. भिंतीला खुंटी लावण्यापलीकडे मी आयुष्यात काही भोसकलेलं नाही. होडी दोन चाकांच्या गाडीवर होती, गाडीचे टायर बसके झाले होते. सर, लेक आणि मी, तिघांनी मिळून नाक उचललं आणि खाली जुने टायर सरकवले, म्हणजे असेल ते पाणी मागे यावं. तेवढ्यात दादा फाटकातून आला. वहिनीने पाठवलं असणार. येऊन तो हाताची घडी घालून उभा राहिला, मयताला आल्यासारखा.

जुन्या बुचाची जागा शोधायला लागली नाही. सगळी होडी ओरखडलेली आणि तेवढी एक जागा चकचकीत. मी ड्रिल टेकवलं. पांढरा भुगा उडाला, मग एकदम हात आत गेला आणि ड्रिल बाहेर काढल्याबरोबर तपकिरी पाणी आलं. फुलदाणीत विसरलेल्या पाण्यासारखा वास. पेन्सिलीएवढी धार. लेक ओरडली, "आई, आहे! आहे!"

पण धार बारीक झाली. गुळुक् असा आवाज आला, थांबली, पुन्हा थोडी आली. मग थेंब. मग तेही नाही.

"झालं?" दादा म्हणाला. "तांब्याभर निघालं. एवढ्यासाठी बाबांच्या होडीला गोळी घातलीस."

सर घड्याळाकडे बघायला लागले. लेक माझ्याकडे वळली. "म्हणजे माझंच चुकत होतं, आई?"

तो प्रश्न मी विसरणार नाही. दोन वर्षं मेहनत केलेली पोर, सगळ्यांसमोर, स्वतःच्या अंगाकडे बघून विचारते की माझंच चुकत होतं का.

मी भोकाशी वाकले. भोकाच्या तोंडाशी पाणी होतं. फुगून, थरथरत, तिथेच अडलेलं. मधेच एक बुडबुडा आत शिरला, गुळुक्, आणि पुन्हा अडलं. हे मी पाहिलं होतं. माझ्याच घरी, वर टाकी भरलेली आणि खाली नळ कोरडा. तेव्हा दादा छातीठोकपणे म्हणाला होता, हवेला वाट नाही मिळाली की पाणी रुसून बसतं. हे तो प्रत्येक घरात सांगतो. त्याचं आवडतं वाक्य आहे.

मी मान वर केली. दादा भोकाकडे बघतच नव्हता. तो होडीच्या नाकाकडे बघत होता, बाकाखाली, जिथे ते करंगळीएवढं भोक होतं.

"तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"काय?"

"पुढचं भोकही तूच बुजवलंस. हवा जात नाहीये. जगाला सांगत फिरतोस आणि इथे तोंड शिवून उभा आहेस?"

आणि मी सुटलेच. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सर लांब जाऊन उगाच एक दोरी गुंडाळायला लागले. शेवटी मी म्हणाले, "सासऱ्यांसमोर तुझं हसं झालं, ते माझ्या पोरीने का निस्तरायचं? लोक हसले, हसू देत की! हसल्याने कुणी बुडतं का? हिने बुडायचं का, तुझी होडी गळत नाही म्हणून?"

दादाचे कान लाल झाले. त्याने पुढे येऊन माझ्या हातातून ड्रिल घेतलं.

"असं धरतात का? बिट मोडलं असतं," तो म्हणाला.

होडीवर चढला, नाकाकडे गेला, गुडघ्यावर बसला आणि बाकाखाली बिट घातलं. आरपार गेल्याबरोबर सूं करून हवा आत ओढली गेली, लांबच लांब, प्रेशर कुकर उलटा वाजावा तशी. आणि मागून पाणी सुटलं. आधीची धार त्यापुढे काहीच नव्हती. तपकिरी, शेवाळलेलं, फोमच्या चुऱ्याने भरलेलं पाणी अंगणभर पसरलं, शेजारच्या होड्यांखाली गेलं, कुंपणाशी गेलं. सरांनी आपली चप्पल उचलली. गाडीचे बसलेले टायर हळूहळू गोल झाले. लेक धारेत हात धरून उभी होती आणि दादा होडीतच बसून राहिला, कारण खाली उतरायला कोरडी जागा उरली नव्हती. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. इतकं पाणी घेऊन माझी मुलगी इतके दिवस तलावात जात होती.

सरांनी सांगितलं, होडी आतून वाळल्याशिवाय पाण्यात जाणार नाही, आणि दुसरी एकही मोकळी नाही. परीक्षा बुडाली.

मला वाटलं लेक माझ्या गळ्यात पडेल. तिने लाइफ जॅकेट न काढताच पिशवी उचलली. "मामाने बुजवलं, तू ओरडलीस, आणि परीक्षा माझी गेली. बसा आता दोघं भांडत." तशीच नारिंगी जॅकेट घालून बसस्टॉपवर गेली.

त्यानंतर दादा रोज संध्याकाळी क्लबात जायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते. बातम्या वहिनीमार्फत यायच्या. आतल्या तळाला गोल झाकण बसवलं. टेबलफॅन लावून पोकळी वाळवली. फळीच्या खाचेपाशी केसाएवढी चीर सापडली, पाणी तिथून यायचं, ती भरली. पुढे हवेचं भोक आणि त्याला फिरकीचं टोपण. मागे आट्यांचं नवं पितळी बूच. आणि बुचाला दोरीचा फास, कशासाठी, तर बूच काढलं की ते सुकाणूच्या दांड्याला अडकवायचं. दांडा धरायला गेलं की हातात आधी बूच येतं. विसरणं शक्यच नाही.

वहिनी हे कौतुकाने सांगत होती आणि माझ्या डोक्याची शीर तडतडत होती. एक दोरी! एवढंच करायचं होतं. बाबा गेले त्याच वर्षी एक वीतभर दोरी बांधली असती तर.

परीक्षा पुन्हा झाली ती महिन्याने. दादा काठावरच्या बाकाच्या एका टोकाला बसला, मी दुसऱ्या. मध्ये वहिनी. लेकीने होडी उलटवली. शीड आडवं पडलं. ती फळीवर चढली, कड धरली, मागे झुकली. होडी क्षणभर तशीच राहिली. मग शिडावरून पाणी ओघळायला लागलं, डोलकाठी पाण्यातून सुटली आणि होडी सरळ उभी राहिली, इतक्या झटकन की पोरगी टुणकन आत पडली.

काठावर टाळ्या वाजल्या. दादाने घसा साफ केला.

"वजन वाढलंय तिचं," तो वहिनीला म्हणाला. "घातलेलं दिसतंय खायला."

त्या दिवशी त्याच्याशी बोलायचं असं मी घरून ठरवून निघाले होते. ते तिथल्या तिथे रद्द केलं.

लेक पलीकडच्या काठाला जाऊन आली. तेवढा वेळ मी काय केलं ते विचारू नका. परत आल्यावर तिने होडी गाडीवर चढवली, नाक उचललं, कुणी न सांगता मागे जाऊन बूच काढलं आणि दांड्याला अडकवलं. आतून थोडंसं पाणी आलं, स्वच्छ, तलावाच्या रंगाचं. मग थेंब पडायला लागले.

दादा उठून जवळ गेला आणि वाकून बघत राहिला. टप. टप. त्याचा हात भोकाकडे गेला आणि मागे आला. पुन्हा गेला. लेक त्याच्याकडे बघत होती, मी बघत होते.

"मामा," ती म्हणाली, "पडू दे."

त्याने हात मागच्या खिशात घातला, पान्यावर ठेवला, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथेच धरून ठेवला.